तीन कपांचा निकाल

पाटील गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या मासळी बाजारात तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, वाटा निवडत होते. "बाबा गेले. सकाळी, झोपेतच," एवढंच त्यांची मुलगी बोलली. समोरची मावशी विचारत होती, "ताई, देऊ ना?" मी द्या म्हटलं, पैसे दिले आणि रिक्षा करून थेट जुईनगर गाठलं. त्यांच्या दारात चपला काढताना कुणीतरी माझ्या हाताकडे बघत राहिलं, तेव्हा लक्षात आलं की तिसऱ्यांची गळकी पिशवी मी तशीच घेऊन आलेय. मयताच्या घरी मासळी! त्यांच्या भाच्याने काही न बोलता ती माझ्या हातातून घेतली आणि खाली कुठेतरी नेऊन टाकली. त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी मात्र साडीला हाताचा वास पुसत उभी होते...

त्याला आता सात आठवडे झाले. हा मजकूर मी चौथ्यांदा लिहायला घेतलाय. पहिले तीन फाडले, कारण ते फार छान झाले होते. त्यात पाटील हसतमुख होते, मनमिळाऊ होते, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून जात होते. पाटील तसे मुळीच नव्हते. ते चिडके होते, हट्टी होते, आणि चुकीचं बोलणाऱ्या माणसाला चारचौघांत थांबवायचे. शिवाय मला जे सांगायचंय ते मी त्या तिन्ही लेखांत शेवटच्या परिच्छेदापर्यंत पुढे ढकललं आणि शेवटी गिळून टाकलं. या वेळी गिळायचं नाही असं ठरवून बसलेय. मधूनच उठते, गॅस बंद आहे का बघते, परत बसते.

तुर्भ्याला इसेन्स बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं तीस वर्षं एकाच लॅबमध्ये होतो. सरबतातला आंबा, बिस्किटातलं व्हॅनिला, आइस्क्रीममधलं केशर हे सगळं आमच्या नाकाखालून जायचं. पाटील इथलेच, खाडीकाठच्या गावातले. जमीन गेली, गावाभोवती शहर उभं राहिलं आणि आगरातला हा मुलगा बीएस्सी होऊन नाकाच्या जोरावर लॅबचा प्रमुख झाला. मी वाईकडची, माळकरी घरातली. आमच्याकडे बाटली म्हणजे फक्त गुलाबपाण्याची. ते मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत "शिंदेबाई" म्हणाले आणि मी त्यांना "पाटील". कौतुक करायची त्यांची पद्धत एकच. अहवाल वाचून झाला की ते "हं" म्हणायचे. तीस वर्षांत मला असे तीसेक हं मिळाले असतील.

आमच्या लॅबचा देव म्हणजे तीन कपांची चाचणी. तीन सारखे कप घ्यायचे. दोनांत एकच द्रव, तिसऱ्यात वेगळा. चाखणाऱ्याने वेगळा कप ओळखायचा. कप भरणारा एक, चाखणारा दुसरा, आणि भरणाऱ्याने चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. मोठे साहेब असोत की परदेशी गिऱ्हाईक, या तीन कपांपुढे सगळे सारखे. "मला वाटतं" या शब्दांना पाटलांकडे किंमत नव्हती. "वाटण्याचं लोणचं घाला. कप लावा," असं ते म्हणायचे.

व्हाइट वाइन त्यांच्या आयुष्यात आली ती दिवाळीच्या भेटीतून. नाशिककडच्या एका गिऱ्हाइकाने बाटली दिली. घरी रंजनावहिनींनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. पाटलांनी घोटभर वाइन घेतली, वर तिसऱ्या खाल्ल्या, आणि म्हणे जेवण अर्धवट सोडून मला फोन केला. "बाई, तिसऱ्या गोड लागायला लागल्यात हो! घोटाआधी नव्हत्या!" मागून वहिनींचा आवाज आला, "कैरीचं पानी हाय नुसतं. येवढं काय नाचायचं त्यात?"

त्यांच्या निवृत्तीनंतर या नाचण्याची बैठक झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी बारा वाजता, पाटलांच्या हॉलमध्ये. सोसायटीतले दोघं-तिघं, कंपनीतले दोघं-तिघं, आणि मी. माळकरी घरातली मी त्या हॉलमध्ये पहिला घोट घेतला तेव्हा माझं वय पंचावन्न होतं. मुलाला सांगितलं, लॅबचं काम आहे. तसं ते खोटंही नव्हतं, कारण पाटलांनी बैठकीची पार लॅब करून टाकली होती. बाटली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कुणी नाव वाचू नये म्हणून. पांढरा कागद प्रत्येकाच्या पुढ्यात, रंग बघायला. फ्रीजमधून काढल्यावर वीस मिनिटं थांबायचंच, कारण फार गार केली की वास झोपतो असं त्यांचं म्हणणं. मग ग्लास न हलवता एकदा हुंगायचा. मग फिरवून परत हुंगायचा. दोन वासांतला फरक बोलायचा. "जीभ कारकून आहे, बाई. सही वरच्या मजल्यावर होते," असं म्हणून ते स्वतःच्या नाकावर बोट ठेवायचे.

जेवणाशी जोडी लावताना तर ते लग्न जमवणाऱ्या मावशीसारखे वागायचे. आधी एक घास, मग घोट, मग परत तोच घास. दुसरा घास पहिल्यापेक्षा चांगला लागला तर जमलं, नाहीतर पत्रिका परत. आगरी मसाल्यातल्या चिंबोरीला त्यांनी किंचित गोडसर वाइन दिली, तिखट मवाळ होतं म्हणून. तळलेल्या बोंबलाला धारदार आंबट. लाकडाच्या पिंपात ठेवलेली महागडी वाइन त्यांनी कोलंबीपुढून अक्षरशः हाकलून लावली. सोलकढीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. जेवण वाइनपेक्षा आंबट असलं की वाइनचं पाणी होतं, आणि कोकमाशी कोण टक्कर घेणार! मी देशावरची बाजू लढवायला एकदा लसणाच्या फोडणीचं पिठलं नेलं. पेरूच्या वासाची एक हिरवटसर वाइन त्याच्याशी अशी जुळली की पाटलांनी दोनदा "हं" केलं. ती बाटली उरली तेवढी मी घरी आणली आणि सवयीने वर चिठ्ठी लावली, "नमुना क्र. ४". आमच्या विहीणबाई आल्या होत्या, त्यांनी ती लिंबाचं सरबत म्हणून संपवली आणि जाताना म्हणाल्या, साखर कमी पडली होती पण झोप छान लागली.

मग दोन वर्षांपूर्वी पाटलांना ताप आला. साधाच, चार दिवसांचा. पुढच्या बैठकीला ते नेहमीसारखे बसले. कुणीतरी आणलेली बाटली उघडली. ग्लास नाकाशी नेला आणि मी दचकलेच. ओल्या पुठ्ठ्याचा भपकारा येत होता. बूच खराब असलं की येतो तसा. मी आता पाटील आणणाऱ्याला काय झापतात याची वाट बघत होते. पाटलांनी डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाले, "छान. पेरू. थोडं लिंबाचं साल." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

मला सोडायला ते लिफ्टपर्यंत आले. "काय होतं त्यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिले. "गेलं, बाई. सगळं गेलं. घरात कुणाला बोलू नका." हा माणूस नाकावर जगला होता, आणि आता मुलीच्या लग्नातल्या मोगऱ्यापासून गटारापर्यंत त्याला सगळं सारखं होतं.

तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. बैठकीत मीच आधी बोलायचे. "आज कच्चं सफरचंद येतंय, नाही का हो पाटील?" ते मान हलवायचे आणि त्याच्यावर पाच मिनिटं सुंदर बोलायचे. लोकांना कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटायचं मी फार मोठं काम करतेय. आता वाटतं, माणसाला त्याच्याच घरात भाड्याने ठेवल्यासारखं केलं मी.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "बाई, वास येतायत मला. एक-दोन आठवडे झाले. पण डॉक्टर म्हणतात, या आजारात भासही होतात. नसलेले वास येतात. मला माझा भरवसा नाही. कप लावा." वाइनच लावा म्हणाले, कारण त्याहून बारीक परीक्षा दुसरी नाही. आणि अट घातली. एकदा चुकलो तर विषय संपला, परत बोलायचं नाही. बरोबर आलं तर अजून पाचदा लावायचे, योगायोग नको.

रविवारी दुपारी ते कोपरखैरण्याला माझ्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, जणू मुलाखतीला आलेत. मी दोन वाइन आणून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरात गेले, तीन छोटे काचेचे कप मांडले, आणि हात थांबला. दाराच्या फटीतून ते दिसत होते. गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मला खात्री होती की हे भासच आहेत. नुसत्या अंदाजाने वेगळा कप सापडण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनात दोनदा मला या माणसाला सांगावं लागणार की तुमचं संपलं... मला ते झेपलं नाही. मी तिन्ही कपांत एकाच बाटलीतली वाइन ओतली. ते कुठल्याही कपाकडे बोट दाखवतील, मी "बरोबर" म्हणेन, असा माझा हिशोब. पुढच्या पाचांचं पुढे बघू.

त्यांनी घाई केली नाही. पहिला हुंगला, दुसरा, तिसरा. कोमट पाण्याची चूळ भरली. परत उलट्या क्रमाने. एकेक घोट घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग कप खाली ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तिन्ही एकच आहेत."

ज्याला काहीच वास येत नाही त्यालाही तिन्ही एकच लागणार. आणि ज्याचं नाक शाबूत आहे त्यालाही. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं! त्या क्षणी मला एवढंच दिसलं की माझी चोरी पकडली जातेय. हो म्हणावं तर कबूल करावं लागेल की मी कपांशी लबाडी केली, त्यांच्या देवाशी, आणि तीही कीव येऊन. कीव पाटलांना सहन झाली नसती. माझ्या तोंडून निघालं, "नाही पाटील. मधला वेगळा होता."

ते थोडा वेळ मधल्या कपाकडे बघत राहिले. "मग भास," असं म्हणाले. चाचणीत मी खोटं बोलेन हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. जिना उतरताना कठडा धरून उतरले. पुढच्या महिन्याची बैठक त्यांनी रद्द केली, कारण सांगितलं नाही. मी रोज फोन उचलायचे आणि ठेवायचे. उद्या सांगू, येत्या रविवारी सांगू, समोरासमोर सांगू... तीन आठवडे मी असे घालवले, आणि मग बाजारात तो फोन आला.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेले. त्या त्यांच्या शेवटच्या दिवसांचं बोलत होत्या, बायका बोलतात तसं, हसत आणि मधेच डोळे पुसत. "दूध ठेवलं होतं गॅसवर, आन् मी कपडे वालत घालत होते. हे ग्यालरीतून उठून आले. वट्यापरत आले बघ. आन् थांबले. म्हनाले, नको, भास असंल. आन् परत जाऊन बसले! मी येऊन बघतंय तं पातेलं काला! मी म्हटलं, अवो बघायचं तरी..." बाकीच्या बायका हसल्या. मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि काहीतरी कारण सांगून निघाले. चालत निघाले. जुईनगरहून सानपाड्यापर्यंत आले तरी आपण रिक्षा केली नाही हे कळलं नव्हतं.

त्यांना वास येत होता. दूध खरंच करपत होतं, आणि माझ्या एका वाक्यामुळे तो माणूस ओट्यापासून परत फिरला.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते विचारू नका. कपाटं आवरली, परत विस्कटली. गेल्या गुरुवारी सकाळी उठले आणि वहिनींकडे गेले. त्या एकट्याच होत्या, भाजी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कप, बाटली, मधला. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "येका वाक्याचं काम होतं, बाई. तीन आठवडं होतं तुझ्याकडं."

मी म्हटलं, "हो."

"रोज म्हनायचे, बाई खोटं बोलायची नाय. बाई बोलली म्हंजे तसंच." त्यांचा आवाज चढला. "मी जेवन पुढं ठेवायचे, आन् यांचं तोंड असं! आज मी समजले ते का." त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता दार दाखवतील. दाखवायलाच हवं होतं. पण त्या एक वही घेऊन बाहेर आल्या, आमच्या लॅबमध्ये असायची तशी लाल पाठीची, आणि माझ्यापुढे टाकली. "वाच. मना काय कलंना झालतं त्यात."

पाटलांनी परत आलेल्या वासांची नोंद ठेवली होती. तारीख, वेळ, वास. आणि प्रत्येक ओळीसमोर नंतर पेन्सिलने लिहिलेला एकच शब्द : भास. माझ्याकडून घरी जाऊन त्यांनी एका बैठकीत तोवरच्या सगळ्या ओळींना तो शब्द लावला असणार, आणि पुढच्या ओळींना त्या त्या वेळी. अक्षर सगळीकडे सारखंच दाबून लिहिलेलं होतं.

मी मोठ्याने वाचायला लागले. "लिफ्टमध्ये कापूर आणि धूप. भास."

वहिनी म्हणाल्या, "कसला भास? तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता. मी परसाद घेऊन आले."

"गेटपाशी ऑइल पेंट. भास."

"रंगवलाच ना सोसायटीनं गेट. माझ्या पदराला लागला."

"सुका जवळा भाजल्याचा. भास."

"दार-खिडक्या लावून भाजलेला, खालची वरडते म्हनून. तरी आला यांना?" वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"ओहोटीचा, खाडीचा."

"त्यो तं रोजच येतो. त्यात काय लिवायचं?" असं म्हणून त्या हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला. शेवटची ओळ दुधाची होती. त्याच्यापुढेही भास.

लॅबच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे. वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी आपली सही. मी पर्समधून पेन काढलं. वहिनी साक्ष देत गेल्या, मी रेघ मारत गेले, वर "खरा" लिहीत गेले. अकरा ओळी झाल्या. मधली एक मी वगळली होती. वहिनींच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तिन्हीत पेरू. मागून हिरवी मिरची, अगदी थोडी. तिन्ही एकच." आणि समोर, भास.

ती बाटली मी आणली होती. तिच्यात पेरूच होता आणि मागून हिरवी मिरची. अगदी थोडी.

"हे कोन सांगनार?" वहिनी म्हणाल्या. "मी नव्हते तिथं."

मी रेघ मारली. वर "खरा" लिहिलं, सही केली. सहीशेजारी तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना असतो. तीस वर्षं तिथे पाटलांची सही असायची. माझं पेन तिथे थबकलेलं वहिनींनी पाहिलं.

"हितं कोनाची?"

"त्यांची," मी म्हटलं.

वहिनींनी वही माझ्यासमोरून ओढून घेतली आणि मिटली.